तिन्ही चिठ्ठ्यांवर काश्मीर

ममता,

तू शाळेतून येशीन तवा मी घरी नसन. तिकिटं रद्द कराले यवतमाळले चाललो.

काश्मीर, राजस्थान का केरळ, हे ठरवाले आपण माह्या याडीले डब्यातली एक चिठ्ठी उचलाले लावली. काश्मीर निघालं. तू हसून म्हणाली, "जाऊ द्या, समुद्र पुढच्या साली पाहू." पण केरळची चिठ्ठी डब्यात नव्हतीच. तिन्हीवर मीच काश्मीर लिहिलतं. याडीले वाचता येत नाही, हे मले, तिच्या पोटच्या पोराले, माहीत होतं.

काल तू माह्यासाठी सुएटर विणत बसली होती, तवा मले तुह्याकडं पाहावलं नाही. तोंडावर सांगाची हिंमत झाली नाही, म्हणून लिहून राह्यलो. आता कुठं जायचं ते तूच सांग. पाहिजे तेवढं भांडजो, पण अबोला नको धरू.

बादल