केसरची वही

नागाव, १२ ऑगस्ट १९६३

प्रिय चंद्रा,

शनिवारी मी तुळशीराम गुरुजींना मारलं. खरंच मारलं. दुसरीतल्या काशीच्या कानाखाली त्यांनी अशी लगावली की ती फळ्यावर जाऊन आपटली, आणि पडल्यावरही ते तिला फोकाने झोडत राहिले. मी शेजारच्या वर्गातून धावत गेले, फोक हिसकावला आणि त्यांच्याच तोंडावर ओढला. एकदा नव्हे, तीनदा. गाल फाटला त्यांचा. मला थांबायचंच नव्हतं, आणि त्याची अजूनही लाज वाटत नाही. काशीच्या कानातून रक्त आलं होतं. आज तिची आई शाळेत येऊन एवढंच म्हणाली, "बाई, पोरीला त्या कानानं ऐकू न्हाय येत."

हो, तेच तुळशीराम गुरुजी. जूनमध्ये बदली होऊन आमच्याकडे आले. अलिबागला ट्रेनिंगला असताना मानसशास्त्राच्या वहीसाठी आपल्या जोडीला त्यांचाच वर्ग मिळाला होता, आठवतं ना? एका मुलाचं महिनाभर निरीक्षण, दोघींची मिळून एकच वही, दोघींना सारखेच गुण, आणि शेवटी वर्गशिक्षकाचा शेरा. आपण त्या वर्गातल्या केसरला निवडलं. तू वेडी, दिसेल ते लिहीत गेलीस: कुठल्या दिवशी किती फटके, पाठीवर कुठे वळ, परकर कधी ओला झाला. गुरुजींनी ते वाचलं तर शेरा कसला देतात, म्हणून मी पान फाडून शेगडीत घातलं. तू रडलीस, मी तुझ्यावर खेकसले. मग माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'मुलगी मुळात हट्टी व मंदबुद्धीची. शिक्षकांची वागणूक प्रेमळ.' खाली दोघींनी सह्या केल्या. पन्नासपैकी चव्वेचाळीस पडले. पेढे मीच वाटले.

शेऱ्याच्या वेळी आपल्याकडून घेतलेली त्या वहीची एक प्रत गुरुजींनी जपून ठेवली आहे. शुक्रवारी इथे चौकशी आहे, तेव्हा ती पुढे करून ते सांगणार की शिकलेल्या बायांनीच मला प्रेमळ म्हटलंय, आज या बाईचं डोकं फिरलंय. मी मारल्याची कबुली देणार आहे. नोकरी गेली तर जाऊ दे. पण वही खोटी आहे असं मी एकटीने सांगितलं तर सगळे त्याला सूड म्हणतील. त्या पानावर काय होतं ते तुलाच नीट ठाऊक. तू आता माणगावात मुख्याध्यापिका आहेस, खोट्या वहीवर सही केल्याचा जाब तुलाही विचारतील, हे कळतंय मला. तरीही हे पत्र लिहितेय. आठवेल तेवढं पुन्हा लिही, खाली सही कर आणि शुक्रवारी सकाळच्या एस.टी.ने घेऊन ये. नाही आलीस तरी मी तुझं नाव सांगणार आहे. रागाव, शिव्या दे, पण ये.

तुझीच,
प्रमोदिनी