विमान वेळेवर आहे

दादा,

बाबा गेल्याचं कळवलं, तर तू म्हणालास, "नऊ तासांचा विमानप्रवास म्हणजे काय कोपऱ्यावरचं दुकान आहे?" हे मला ऐकवतोस? तुझ्या शहराहून येणाऱ्या विमानाची घोषणा इथल्या विमानतळावर रोज मीच करते.

घरी आले की बाबा अंथरुणातून विचारायचे, "आलं का गं दादाचं विमान?"

"आज उशीर आहे, बाबा," मी थाप मारायचे.

गेले त्या दिवशी माझा हात धरून म्हणाले, "तुझ्या साहेबांना सांग, रोजचा उशीर बरा नाही. पोरगं ताटकळतंय तिकडे."

वर्षभरात त्या विमानाला एकदाही उशीर झालेला नाही. आजही ते वेळेवर उतरलं.

हे पत्र धाडणार नाही. तुला वाचायला तरी सवड कुठली?

तुझ्यापायी खोटं बोलून घसा बसलेली,
धाकटी