लिंबाखालची जागा

घोडेगाव,
१० फेब्रुवारी २०२५

चि. निकितास केशरआत्याचे अनेक आशीर्वाद.

फोन उचलत न्हाईस, म्हणून लिहायला बसले. गुरांच्या बाजारात ओळख द्यायची न्हाई, लांब बसून नुसतं बघायचं, तुमच्या समाजशास्त्राची तशी रीतच हाय, असं तू आधीच सांगितलंस. मी व्हय म्हणाले. तुला चहा देताना ताई म्हणायचं, तर मला हसू आवरेना.

पण त्या सुनील दलालाला माझ्या चहाच्या गाड्याची लिंबाखालची जागा पाहिजे हुती. त्यानं दुधाचं पातेलं लाथाडलं. नवरा नसलेली बाई बाजारात कशाला बसते, यावर घाण बोलला. माणसं हसली. तवा मी तुझ्याकडं बघितलं. तू लिहीत हुतीस. शेजारी दावी-घुंगरं विकणारी हमिदा मधी पडली.

तुला माझी लाज वाटली का गं? बाजार समितीत तक्रार दिलीय. गडीमाणसं म्हणत्यात, आमी काय बघितलं न्हाई. तू तर सगळं बघितलंस.

तुझी,
केशरआत्या

पुणे,
१५ फेब्रुवारी

ती. आत्यास निकिताचा सा. न. वि. वि.

तुझी नाही गं, मला माझीच लाज वाटते. फोन त्यामुळेच घेतला नाही. निरीक्षण करणारा मध्ये पडला की समोरचं सगळं बदलतं, म्हणून हलायचं नाही, हे शिकून आले होते. तू बघितलंस तेव्हा पेन खाली ठेवता आलं असतं. मी तुझा चेहरा कसा झाला तेसुद्धा लिहून घेतलं.

सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. बघावं तर असं, म्हणाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती बाई माझी आत्या आहे, एवढंही तोंडातून निघालं नाही. खाली बघत बसले.

ते लिखाण मी मागे घेतलंय. साक्षीला येते. सर म्हणतात, नातं सांगू नकोस, परक्याच्या बोलण्याला वजन असतं. काय करू कळत नाही.

रागव, पण मला तोडू नकोस.

तुझी,
निकिता

घोडेगाव,
४ मार्च

चि. निकितास अ. आ.

समितीचा निकाल आला. जागा सुनीलला गेली. भाचीची साक्ष धरता येत न्हाई म्हणाले. आता हमिदाच्या पलीकडं उन्हात बसते. गिऱ्हाईक कमी हाय, पण हाय.

साक्षीच्या दिवशी समितीच्या साहेबानं बाजारातच, सगळ्यांदेखत तुला विचारलं, या बाई तुमच्या कोण. मला वाटलं, कुणी न्हाई म्हणशील, आन मी मनातनं तेच मागत हुते. जागा राहिली असती. तू म्हणालीस, ‘माझी सख्खी आत्या हाय, आन त्या दिवशी मी नुसती लिहीत बसले.’ सुनील हसला. तू रडलीस, मान काय वर केली न्हाईस.

मला राग हुता, खोटं कशाला बोलू. थोडा अजून हाय. पण भर बाजारात आजवर कुणी मला आपली म्हणालं नव्हतं.

आता मान वर करून ये.

तुझी वाट बघणारी,
आत्या