एक माइक की दोन

४ नोव्हेंबर, मंगळवार
फोनवर केलेलं रेकॉर्डिंग आज परत ऐकलं. माझं मंगलाष्टक कमी आणि मागच्या गल्लीतले यंत्रमाग जास्त. खडखड खडखड. मधेच आमचा कुकर. तिसऱ्या कडव्याला 'सावधान' मी म्हणायच्या आत कुकरनेच म्हटलंय. हे हसून हसून खोकायला लागले.

हसण्यावारी नेऊन चालणार नाही. तुळशीची लग्नं आटपत आली, आता माणसांची सुरू होतील. हल्ली निम्मे लोक बोलावतच नाहीत. दोन्ही घरची नावं गुंफून म्हणा आणि पाठवून द्या, हॉलच्या स्पीकरवर लावतो, असं म्हणतात. त्यांना कुकर कसा पाठवू?

हे म्हणाले, "यूएसबी ऑडिओ इंटरफेस घे."
ते काय असतं? तर माइक आणि लॅपटॉप यांच्या मधली डबी. माइकचं म्हणणं लॅपटॉपला समजेल असं सांगते. सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थासारखी? तर म्हणाले, तसंच धर.
बरं. डबी घ्यायची.

६ नोव्हें., गुरु.
शाळेतून आल्यापासून व्हिडिओ बघतेय. डोकं आंबलं. प्रत्येक जण शेवटी म्हणतो, "हे तुमच्या गरजेवर अवलंबून आहे." अरे बाबा, गरज कळली असती तर तुझ्या दारात कशाला आले असते?

गेन म्हणजे आवाज वाढवणं. पण आवाजाचं बटण वेगळं. मग गेन काय वाढवतो? लेटन्सी म्हणजे उशीर. फँटम पॉवर म्हणजे भुताची वीज! ह्यांनी समजावलं (कॉलेजच्या फिजिक्स लॅबला आहेत, संधीच हवी असते): काही माइकना वीज लागते, ती डबी त्याच वायरीतून पाठवते, दिसत नाही म्हणून भूत. कळलं असं मी म्हटलं. कळलं नाही.

एक मात्र नक्की. डबी लॅपटॉपच्याच विजेवर चालली पाहिजे, भिंतीतल्या प्लगवर नको. कारण लाइट गेली की माग बंद, पंखा बंद, शेजारचा टीव्ही बंद. तेवढाच वेळ आमच्या घरात शांतता. अख्ख्या सोलापुरात लाइट जायची वाट बघणारी मी एकटीच असेन.

दुसरा प्रश्न, एका माइकची घ्यायची की दोन माइकची. इथे

८ नोव्हें., शनि.
परवा वाक्य अर्धं सोडून उठले. आज लिहून टाकते.

आम्ही दोघी म्हणायचो. मी आणि अक्का, माझी थोरली जाऊ. खरं म्हणजे अक्काच म्हणायची, मी मागून धरायचे. कडवी तिचीच. बोटांवर अक्षरं मोजत कुणाचंही नाव वृत्तात बसवायची. मागच्या वर्षी उन्हाळ्यात भाऊजी गेले आणि तेव्हापासून तिला एकही बोलावणं नाही. तोंडावर कुणी काही बोलत नाही. मला मात्र फोनवर सांगतात, "तुम्ही एकट्या आलात तरी चालेल हं." विधवेने मंगलाष्टक म्हणायचं नाही हे म्हणायची लाज वाटते, पाळायची नाही वाटत.

अक्काही कुणाला दोष देत नाही. म्हणते, गळा बसलाय. कसला बसलाय! सकाळी खालच्या स्वयंपाकघरातून मला सगळं ऐकू येतं.

म्हणजे प्रश्न डबीचा नाहीच. एका माइकची आणली तर अक्का आता गाणार नाही, हे मीच ठरवून टाकलं असं होईल. दोन माइकची आणली आणि ती बसलीच नाही, तर तिच्यासाठी पान मांडून तिला जेवायला न बोलावल्यासारखं. मला ती परत गायला हवी आहे. एवढंच कळतंय. बाकी सगळा गोंधळ.

९ नोव्हें., रवि.
ह्यांनी नवीन फाटा फोडला. म्हणे दोन माइकची गरजच नाही. आधी तू म्हण, मग तुझं कानात ऐकत अक्का म्हणतील, लॅपटॉप दोन्ही एकावर एक ठेवतो.
मी म्हटलं, "ती माझ्या तोंडाकडे बघून म्हणते."
"मग फोटो ठेव समोर."
या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही.

११ नोव्हें., मंगळ.
नवी पेठेत वाद्यांच्या दुकानात गेले. रफीकभाई. पेटीचे सूर लावून घ्यायला आम्ही त्यांच्याकडेच जायचो. त्यांनी काउंटरवर तीन डब्या मांडल्या. एक माइकची, दोनची, चारची.

"मैं बोलतूं भाभी, चार का लेव. कल को बँड रखे तो?"
"बँड कशाला ठेवू?"
"तो फिर एक का लेव. हलका रहता, पर्स में जाता."
"आणि दोनची?"
"वो भी अच्छा है."
तिन्हींमधला फरक विचारला तर म्हणाले, कंपनी अलग है. मग स्वतःच खोक्यावरचं बारीक अक्षर चष्मा वर-खाली करत वाचायला लागले. मला जरा बरं वाटलं, म्हटलं मी एकटीच नाही.

निघताना विचारलं, "अक्का नहीं आई?"
नाही म्हटलं.
"उनका आवाज..." म्हणाले आणि खोकी आवरत बसले.

१२ नोव्हें., बुध.
माढ्याहून फोन. नवऱ्या मुलीच्या आईचा. मार्गशीर्षात लग्न आहे. शब्द आठवतील तसे लिहिते.

"आमच्या पुतणीच्या लग्नात तुमी दोघींनी म्हटल्यालं, तसंच पायजे बगा. दोन आवाजात. लई ग्वाड झाल्यालं."
मी म्हटलं, अक्का आता जात नाहीत.
"कळलं वो ताई. लई वंगाळ झालं. म्हनून तर म्हंती, रेकार्ड करून द्या की दोघींच्या आवाजात. तितं स्टेजवर तुमी एकल्याच या. आवाजाला कोन बगतंय?"
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
"आमचं काय न्हाय हो. पर पावणं जुन्या वळनाचं हायती. पोरीला उगं बोल नगं."

विचारून सांगते म्हटलं आणि ठेवला. तेव्हाच का नाही सुनावलं? एरवी शाळेच्या ऑफिसात चार माणसांना गप्प करते, इथे तोंडात मिठाची गुळणी. बाई वाईट वाटली असती तर सोपं होतं. वाईट नाही वाटली. स्वतःच्या पोरीला जपत होती.

हे म्हणाले, "मग छानच की. अक्कांचा आवाज तरी जाईल."
"पडद्याआडून?"
"मग नको म्हणून सांग."
"नको कसं म्हणू? ती गाईल तरी."
"तुला नक्की काय हवंय?"
मला काय माहीत.

१३ नोव्हें., गुरु.
अक्काला सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. चटणीसाठी भाजलेल्या शेंगांची टरफलं काढत बसली होती. ऐकून घेतलं.
"म्हंजे पोळ्या चालतात, लाटणारी नको."
मी म्हटलं, नाही म्हणून कळवते. मला त्यांची ऑर्डर नको.
"साकु," म्हणाली. वैतागली की माहेरचं अक्कलकोटचं कानडी येतं, पुरे आता. आणि पुढची शेंग सोलायला घेतली. मी उठणार तेवढ्यात,
"नवऱ्या मुलाचं नाव काय म्हणालीस?"
"ओंकारेश्वर."
"लई लांब हाय." बोटं हलायला लागली होती.
"अक्का, तुम्ही म्हणणार आहात की नाही?"
"आधी नाव तरी बसू दे गं."
म्हणजे हो का? मान्य केलं का तिने? राग नाही आला? मलाच आलाय एकटीला? जिन्यावर उभी राहून परत विचारणार होते. भीती वाटली, नाही म्हणाली तर.

१५ नोव्हें., शनि.
रफीकभाईंनी दोन माइकची डबी वापरून बघायला दिली, बरोबर दोन माइक. "सोमवार को लाके देव, नै तो रखो." एका माइकचीही बाजूला काढून ठेवलीय म्हणाले.

दुपारभर जोडणी. लॅपटॉपचं भोक रुंद, डबीच्या वायरीचं टोक बारीक. दुसरी वायर आणायला ह्यांना पिटाळलं. मग आवाजच येईना. सगळी बटणं फिरवली. शेवटी कळलं, भुताची वीज चालू करायची राहिली होती. ती केली तर मी म्हणतेय आणि जरा वेळाने हेडफोनमध्ये मीच परत म्हणतेय, वेड लागायची पाळी. ह्यांनी एक बटण दाबलं आणि ते थांबलं. कुठलं दाबलं ते त्यांनाही आठवत नाही. तिथे आता चिकटपट्टी लावून ठेवलीय, हात लावू नये म्हणून.

खालून अक्काचा आवाज, "नाव बसलं!"
ओंकारेश्वर दोन ओळींत तोडून बसवलाय. झकास बसवलाय.

१६ नोव्हें., रवि.
झालं.

दुपारी लाइट गेली. माग थांबले. लॅपटॉप बॅटरीवर, डबीचा हिरवा दिवा चालू. मी जिन्यातून हाक मारली, अक्का पदराला हात पुसत वर आली, जणू रोजचंच आहे. हेडफोन चढवला आणि लगेच काढला. "ह्यात तू लांब गेल्यागत वाटतीस." मग दोघींनीही काढले. गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसलो. तिने मांडीवर थाप दिली आणि पहिलं अक्षर उचललं.

मला इतका आनंद झाला की दुसऱ्या कडव्यात मी चुकले. परत सुरू केलं. या खेपेला चूक नाही. तिचा आवाज वर गेला तेव्हा मला हुंदका आला होता, तो गिळला, कारण गेन वाढवलेला होता, माइकने श्वाससुद्धा टिपला असता.

शेवटचं 'सावधान' झालं. मी थांबवायला हात पुढे केला तर तिने तो धरला. माइककडे वळली आणि निवेदन करतात तशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "मंगलाष्टकांची रचना आणि गायन, श्रीमती शकुंतला. सोबत सौ. वैजयंती." मग हात सोडला.

श्रीमती. भर मांडवात स्पीकरवर ते लागणार.

"अक्का, हे..."
"आवाज पायजे ना त्यांना? मग नावासकट घ्यावा. मी काय चोरून गायले न्हाई."
"त्यांनी ते कापलं तर?"
"त्यांनी कापू दे. तू कापू नको वैजू."
आणि खाली गेली. कुकर लावायचा होता तिला.

१७ नोव्हें., सोम.
शाळेत लक्ष नव्हतं. दुपारी मुलीच्या आईचा निरोप: झालं का ताई, पावण्यांना ऐकवायचं हाय. चारच्या सुमारास रफीकभाई: "रखते क्या भाभी, लाते?" दोघांनाही संध्याकाळी सांगते म्हटलं.

कापायचं कसं ते हे शिकवून गेले. सोपं आहे. तेवढा तुकडा निवडायचा आणि काढून टाकायचा, कुणाला पत्ताही लागत नाही. इतके दिवस या यंत्रातलं काही कळत नव्हतं आणि नेमकं हेच एका फटक्यात कळलं.

अक्काचं बरोबर आहे. शंभर टक्के. पण ती पोर? तिने आमचं काय वाकडं केलंय? पहिल्याच दिवशी सासरच्यांनी तिला बोल लावला तर तो माझ्यामुळे. मुलीच्या आईला आधी सांगावं का, की असं आहे, श्रीमती म्हटलंय? ती नको म्हणेल. मग 'त्यांनी कापलं' असं होईल आणि मी सुटेन. असं सुटता येतं का? कापून पाठवलं तर अक्का काही बोलणार नाही, मला माहीत आहे. फक्त परत वर येऊन बसणार नाही. मग ही डबी परत करायची, बाजूला काढून ठेवलेली एका माइकची पुरेल.

आता परत ऐकलं. स्क्रीनवर दोन माइकच्या दोन रेघा दिसतात. वरची अक्काची, खालची माझी. कडव्यांमध्ये दोन्ही बरोबरीने उसळतात, कुठली कुणाची ते नुसतं बघून सांगता येत नाही. शेवटच्या त्या वाक्याला फक्त वरची हलते. खालची जवळजवळ सरळ आहे. मी तिथे गप्प बसलेय.

फोन वाजतोय. माढ्याचा आहे. उचलते.