भोजनालय वाढवजो

आर्वी
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुरभी,

सप्रेम नमस्कार. दसऱ्याचं सोनं या पत्रातूनच देते, सोन्यासारखी राहा. रजतरावांना माझा नमस्कार सांग. आम्ही बरे आहोत. तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात, पण त्या स्वतः गुडघ्यांपेक्षा जास्त कुरकुरतात, म्हणजे काळजीचं कारण नाही. मार्केटात सोयाबीनच्या गाड्या लागल्यात, त्यामुळे सकाळी गर्दी असते.

पत्र बघून तू हसली असशील. पण फोन करावा तर गल्ल्यावर तुझा भाऊ कान टवकारून बसलेला, आणि व्हॉट्सॲपवर लिहावं तर तू दोन हसरी तोंडं पाठवून मोकळी होशील. माणूस कागदावरचं निदान शेवटपर्यंत वाचतो. कॉलेजात बेंचाखालून चिठ्ठ्या द्यायचो, त्यातल्याच एकीत तू लिहिलं होतंस, "माह्या भावासंगं लग्न कर, तुले रोज फुकट जेवाले भेटन." फुकट कसलं, तेव्हापासून मीच रांधतेय.

कामाचं आधी सांगते. यंदा भाऊबीजेला तू इकडे येऊ नकोस. आदेश नाशिकला येईल. रीत पाहिली तर भावानंच बहिणीच्या दारी जायचं असतं, आपणच ती उलटी करून ठेवली. इथं नव्या खोलीचं काम अजून पुरं नाही, सिमेंटची धूळ तुला सोसणार नाही. आणि तुझा तो थकवा गेला का? डॉक्टरांना दाखवलंस? "शाळेचे पेपर तपासून झाले की जाते" हे उत्तर मला नको. पेपर रजतरावांना तपासायला दे, पोरांचं भलंच होईल.

धुळीचं कारण तुला पटणार नाही, हे मला ठाऊक आहे. मलाही पटत नाही. म्हणून जरा मागून सांगते.

तुझे बाबा, आपले नानाजी, गेले तेव्हा तू गाडीत होतीस, त्यामुळे त्यांचं शेवटचं बोलणं तुला आदेशकडूनच कळलं. मी खाटेच्या पायथ्याशी होते. त्यांनी आदेशचा हात धरला आणि म्हणाले, "माह्या मागं भोजनालय वाढवजो, बापू." आदेश रडत हो म्हणाला. मग बाबांनी धंदा मोठा करायला सांगितलं, असं साऱ्या एसटी डेपोला सांगत सुटला. तेरवी झाली नाही तोच मागची भिंत पाडली, कोठीघर आत घेतलं, सोफे आणले आणि काचेवर "फॅमिली रूम" लिहून घेतलं.

भिंत पडल्यावर आईंनी तोंड उघडलं. "दिवा इझव म्हन्ते का कोनी? बांगडी फुटली म्हन्ते का? वाढवली म्हन्ते. तसंच तुह्या बाबानं भोजनालय वाढव म्हटलं. बंद कर म्हटलं त्यानं."

सुरभी, नानाजींच्या तोंडी बंद हा शब्द कधी आला होता? रोज शटर ओढताना "चला, वाढवा आता" एवढंच म्हणायचे. आदेशही ते ऐकतच मोठा झाला. पण ज्याला जे हवं तेच कानात शिरतं. "आई, तू काऊन अपशकुन करून राह्यली?" म्हणाला आणि रंगाचे डबे घ्यायला गेला.

त्या पाडलेल्या भिंतीला लागून कोपऱ्यात एक बाक होता, आठवतो? दुपारी गिऱ्हाईक पांगलं की नानाजी कधीमधी तिथं एक भरलं ताट ठेवायचे. आपण समजायचो, गाईचा घास काढून ठेवलाय. गाईसाठी कोणी लिंबू चिरून, पाण्याचा गिलास भरून "सावकाश होऊ द्या" म्हणत नाही, हे आपल्या डोक्यात आलं नाही. आपण हुशार पोरी.

पोळ्यानंतरची गोष्ट. दुपारी मी आतून आले तर नव्या सोफ्यावर चंद्रभानकाका बसलेले. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, आपल्याकडे वर्षानुवर्षं जेवलेले. "वरन-भात वाढ वं जया, तूप बी टाक," म्हणाले. मी वाढलं. मन लावून जेवले. उठताना "जातो" म्हणाले. मी म्हटलं, काका, येतो म्हणा. ते नुसते हसले. मी ताट उचलायला वाकले तर ते भरलेलं. भात तसाच, वर तूप थिजलेलं. मागच्या कुत्र्याला घातलं, त्यानं हुंगलं आणि निघून गेलं.

संध्याकाळी एका कंडक्टरनं सांगितलं, चंद्रभानकाका दुपारी अल्लीपूरला लेकीकडे वारले. महिनाभर अंथरुणावरून उठले नव्हते.

नंतर भाजीवाली धुरपताबाई आली. तिला झुणका आवडायचा. ती वर्ध्याला दवाखान्यात होती म्हणे, मला माहीतच नव्हतं. मी वाढलं, ती जेवली, आणि त्याच दिवशी तिची बातमी आली. मग आणखी आले. नानाजींच्या वेळी बाकच एक, म्हणून एकेक यायचं. तुझ्या भावानं सोफे टाकले.

आदेशला काही दिसत नाही. त्याला रिकामा सोफा दिसतो आणि वाया गेलेलं ताट. वाढायची पळी ज्याच्या हाती, त्यालाच ते दिसतात, असं आई म्हणतात. त्या नानाजींच्या हाताखाली वाढायच्या, त्यांना सगळं ठाऊक होतं. "आपल्या अन्नाचे लोक हायेत ते. जायच्या आंधी दोन घास खाऊन जातेत. पानावर बसलेल्याले उपाशी उठवू नाई," एवढंच सांगून लसूण सोलत बसल्या.

मला भीती वाटते, सुरभी. मेलेल्यांची नाही, ते आले तेव्हा जिवंतच होते. मला माझ्या हाताची भीती वाटते.

एक उगाच विचारते. ती हिरवी साडी, मोराच्या काठाची, तू अजून नेसतेस का? तिच्या पदरावर चहाचा डाग आहे का? आधी डॉक्टरांकडे जा, मग मला सांग. आणि इकडे येऊ नकोस.

तुझी वहिनी, आणि त्याआधीची बेंचावरची,
जया


आर्वी
पाडवा, २२ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुरभी,

पाडव्याच्या शुभेच्छा. आदेश आज संध्याकाळी पुलगावहून गाडी धरेल. चिवड्याच्या डब्याखाली हे पत्र ठेवतेय. तो विचारेल काय आहे म्हणून, तर करंज्यांची कृती आहे असं सांग. चिवडा आईंनी केलाय, मी नाही. मी केलेलं काहीही तुझ्या तोंडात जाऊ नये, एवढ्यासाठी.

गाठ निघाली हे फोनवर सांगताना तुझा आवाज जितका शांत होता, तितका माझा राहिला नाही. परवा ऑपरेशन आहे. आणखी महिना गेला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले ना? म्हणजे आता अवघड नाही, असाच अर्थ मी काढला. शब्दाचा हवा तो अर्थ काढायला मी आदेशकडून शिकले.

तू विचारलंस, "तो डाग तर दसऱ्याच्या दिवशी पडला, तुले कोनं सांगितलं?" तेव्हा मी फोन कटला असं सोंग केलं. आता लिहिते.

तुझ्याच पदरावर मी तो पाहिला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून तू रोज दुपारी इथं येतेस.

पहिल्या दिवशी तू सोफ्यावर पाय वर घेऊन बसलीस, घरी बसतेस तशी, आणि म्हणालीस, "भूक लागली वं जया. वांग्याची भाजी हाये का?" मला इतका आनंद झाला की मी पळी भरलीसुद्धा. मग वाटलं, नाशिकहून आली आणि हातात पिशवी नाही? बाहेर कोणाला भेटली नाही, आदेशच्या पाठीत धपाटा घातला नाही? भाजी पळीतून परत पातेल्यात ओतली. तुला म्हटलं, आज काही शिल्लक नाही. साऱ्या खोलीत भाजीचा वास सुटलेला, आणि मी तोंडावर खोटं बोलत होते. तू मान खाली घातलीस आणि बसून राहिलीस.

तेव्हापासून मी तुला काही दिलेलं नाही. पाणीसुद्धा नाही. दुसरं कोणी आलं तर त्यांनाही तुझ्यासमोर वाढत नाही, बाहेरच्या बाकड्यावर नेते. तू मागतेस. आधी हसून मागायचीस, आता तशी मागत नाहीस.

आईंना नीट दिसत नाही, पण तुझा आवाज त्यांनी ऐकला. मी भाकरी थापत होते, तेवढ्यात त्या ताट वाढून निघाल्या. मी आडवी झाले. "सरक. माही पोरगी उपाशी बसली हाये." मी ताट धरलं, त्यांनी सोडलं नाही. दोघी ओढत होतो, आणि आतून तू "आई, आई" करत होतीस. शेवटी मी ताट जमिनीवर आपटलं. त्यांनी मला कधी नव्हे ती शिवी दिली. मग मी त्यांच्या कानात सांगितलं की सुरभी नाशिकलाच आहे, तिला गाठ आहे, आणि हे ताट तिनं खाल्लं तर ती जाईल. त्या तिथंच, सांडलेल्या वरणात बसल्या. आता रोज दुपारी उंबऱ्यात तुझ्याकडे पाठ करून बसतात आणि पदरानं कान झाकतात. कोणाला ताट घेऊन आत जाऊ देत नाहीत.

परवा आदेश आपणहून म्हणाला, "आईचंच खरं. वाढवून टाकू दुकान." खोलीत गिऱ्हाईक बसत नाही आणि आई उंबऱ्यावरून उठत नाही, हे त्याच्यानं बघवेना. पोळ्यापासून मी हेच मागत होते. आणि मीच नको म्हटलं. कारण वाढवायचं म्हणजे पानावर बसलेल्या प्रत्येकाला जेवू घालून, मगच चूल थंड करायची. नानाजींची ती रीत मोडायची माझी हिंमत नाही आणि पाळायची तर मुळीच नाही. म्हणून भोजनालय चालू राहील. बायकोला हॉटेलचं वेड लागलं, असं तो तुला सांगेल. लागू दे.

आता दुपार आहे. मी फॅमिली रूममध्येच बसून लिहितेय. तू समोर आहेस, मान वाकडी करून कागदाकडे बघत.

"काय लिहून राह्यली वं?"

"पत्र."

"कोनाले?"

मी कागद जवळ ओढला. तू बराच वेळ वाचायचा प्रयत्न केलास. मग म्हणालीस, "मले लय भूक लागली, जया. तू अशी कशी झाली?"

सुरभी, मला रडू येतंय आणि तुझ्यासमोर मला रडायचं नाही. माझं सगळ्यात जवळचं माणूस तू आहेस. माहेरवाशीण उपाशी बसते त्या घराचं भलं होत नाही, असं आई म्हणतात. न होवो.

परवा तुला आत नेतील तेव्हा तू इथं असशील. रडशील, नानाजींची शपथ घालशील, नाही नाही ते बोलशील. मी चुलीपुढून हलणार नाही आणि तुला एक शीतही वाढणार नाही. तू मला कसाई म्हण, मी ऐकून घेईन. शुद्धीवर आलीस आणि तिथं कोणी पेज दिली, तर ती मात्र पोटभर पी.

तुला उपाशी ठेवणारी,
जया