रॅम्पवरचं मांजर

४ मार्च, सकाळी ७
ताईचा फोन आला. बाथरूममध्ये पडल्यापासून आई तिच्याकडे आहे. पंचवीस तारखेला आईला पाठवते म्हणाली, पण घर तयार असेल तरच. नाहीतर आई कायमची तिच्याकडे, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. म्हटलं, घर तयारच समज. कामं तीन: बाथरूममध्ये धरायला हँडल, पायऱ्यांच्या जागी रॅम्प, फाटकापासून दारापर्यंतचं गवत. हातात एकवीस दिवस. हसतखेळत होईल.

४ मार्च, दुपारी
यादी सुवाच्य अक्षरात लिहून काढली. दमलो.

७ मार्च
सुतार आला. माप घेता घेता विचारतो कसा, बाथरूमचा नळ अजून गळतोच का. मला त्याचा सूर आवडला नाही. रॅम्प मी स्वतः करीन म्हणून त्याला वाटेला लावलं. पाच एकरांच्या मालकाला चार फळ्या ठोकता येत नाहीत की काय.

१० मार्च
ड्रिल सापडलं. गंजलंय. समुद्र हाकेच्या अंतरावर असला की लोखंड टिकत नाही. खाऱ्या हवेपुढे कोणाचं काय चालणार.

१३ मार्च
ताईने फोटो मागितले. आई रोज घराची चौकशी करते म्हणे. गवत तीन हात काढून झालं होतं, पण त्याचा फोटो चांगला येईना. कुंपणापलीकडच्या काकू गावात गेल्या होत्या. त्यांच्याकडे रॅम्प आहे, हँडलं आहेत. काका व्हीलचेअरवर होते तेव्हा केलेली. एक फोटो काढला, नुसता नमुना म्हणून. पाठवताना तेवढं ‘नमुना’ लिहायचं राहिलं.

१४ मार्च
ताईचा मेसेज. आई फोटो बराच वेळ बघत बसली, मग म्हणाली, छान केलंय त्याने. रॅम्पवर मांजर कोणाचं, असं ताई विचारते. पाळलंय म्हणून कळवलं. आईला हल्ली चष्मा लावूनही धड दिसत नाही, तेव्हा काळजी नाही. तरी जेवण गेलं नाही.

१८ मार्च
आणखी दोन फोटो पाठवले. आता माघार घेणं बरं दिसलं नसतं. मांजर जागेवर बसेना, त्याला मासे आणून घालावे लागले. सगळी सकाळ त्यात गेली.

२१ मार्च, सकाळी
ही वही कोण वाचतंय, खरं लिहितो. आई घसरली ती त्याच नळाच्या पाण्यावरून. दोन महिने ती नळाचं सांगत होती आणि मी बघतो, बघतो म्हणत होतो. नंतर सगळ्यांना खाऱ्या हवेचं कारण दिलं. लाज वाटते. आज नळ करायचाच.

२१ मार्च, संध्याकाळी
पाना मिळाला नाही.

२४ मार्च
रंगकाम चाललंय, आठ दिवस थांबा, असं सांगायला ताईला फोन लावला. आईनेच उचलला. म्हणाली, “मला माझ्या घरी यायचंय रे.” मी ये म्हणालो आणि फोन ठेवला.

२५ मार्च
ताईला सुट्टी मिळाली नाही. आई भाड्याच्या गाडीने एकटीच आली. मी फाटकात उभा. गाडी माझ्यासमोरून पुढे गेली आणि काकूंच्या अंगणात वळली. ड्रायव्हर चुकला म्हणून मी हात करत मागे धावलो. काकू दारातच होत्या. आईने त्यांना आधीच फोन केला होता म्हणे; त्यांच्याकडे तिच्यासाठी खोली झाडून, चादर घालून तयार होती.

आईच्या डोळ्यांवर चष्माच नव्हता. मोतीबिंदूचं ऑपरेशन जानेवारीतच झालंय. हे ताईने मला सांगायला हवं होतं. आई रागावली नाही. एवढंच म्हणाली, “तीस वर्षं या व्हरांड्यात चहा पितेय मी. ताईला खरं सांगितलं असतं, तर तिने मला सोडलंच नसतं.”

गाडीतली बॅग उचलून काकूंच्या घरात नेऊन ठेवली.

२८ मार्च
गावातून नवं ड्रिल आणलं. मोठी वायर लावून कुंपणाजवळ चालवून बघणार, तोच पलीकडून आईचा आवाज आला. ताईशी व्हिडिओ कॉल चालला होता. मांजर मांडीवर. “हा बघ रॅम्प. हँडलसुद्धा बसवलंय त्याने. मी माझ्या घरी आहे, काळजी करू नकोस.” आईला खोटं बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. कुठे अडखळली नाही. मी दिसलो तेव्हा तिने फोन जरा दुसरीकडे वळवला.

गुडघाभर गवतात तसाच उभा राहिलो. कॉल तासभर चालला. ड्रिलचा आवाज ताईला ऐकू गेला असता, म्हणून हँडल आज राहिलं.