काळी तीनवाले रसूल मास्तर

१ जानेवारी २०२५, बुधवार. सकाळी.
वही नवी, वर्ष नवं. संकल्प लिहून ठेवतो. तंबाखू बंद. पहाटे रियाज. गरम पाणी. कुणाशी वाद नाही.
कारण मोठं आहे. मदिहाचा, म्हणजे माझ्या नातीचा, स्वतःचा पहिला कार्यक्रम २३ फेब्रुवारीला इथल्याच विश्रामबागेत ठरला आहे. शेवटचं गाणं मी म्हणायचं. पुण्याहून कार्यक्रम भरवणारी दोघं बघायला येणार आहेत. त्यांना आवडलं तर ईदनंतर ते तिला गावोगाव नेणार. शेवट चांगला झाला तर लोक सगळं चांगलं झालं म्हणतात. म्हणजे पोरीचं सगळं माझ्यावर आहे.
काळजीने तंबाखू खाल्ली. उद्यापासून बंद.

२ जानेवारी.
मदिहाला लोक इंडिपेंडंट आर्टिस्ट म्हणतात. म्हणजे काय ते विचारलं. म्हणाली, दादा, कुठल्या कंपनीचं नाही, आपलं आपण करायचं. मग मी जन्मापासून इंडिपेंडंटच आहे. कुठल्याच कंपनीने घेतलं नाही. उरुसात कव्वाली, गुरुवारी हरिबाकडे भजन, लग्नात बँडमध्ये क्लॅरिनेट, आणि त्याच बँडचे ड्रेस शिवायचो तेही मीच. ढोलावर नाव रंगवायचो. सातवीपर्यंत शिकलो, पण अक्षर बघून लोक मॅट्रिक समजायचे.
पोरीत हे सगळं माझ्याकडून आलं. ती हलगी वाजवते, कोरियातली गाणी ऐकते, धनगरांच्या ओव्या रेकॉर्ड करते, साखर कारखान्याचा भोंगा गाण्यात घालते, जॅकेटवर भरतकाम करते, पोस्टर स्वतः काढते. मेहरुनबी म्हणाली, भोंगा तुमच्याकडूनच आला असणार.
बायकोशी वाद घातला नाही. संकल्प पाळला.

४ जानेवारी, शनिवार.
पहिली प्रॅक्टिस. गाणं मदिहानेच लिहिलंय, पुरावर. पाणी उतरलं, रेघ राहिली, रेघेच्या वर आमचं घड्याळ. आमच्या खणभागातल्या घराच्या भिंतीवर तशी रेघ आहे. रंग दिला तरी दिसते. शब्द साधे आहेत, पण चालतील.
तिने विचारलं, दादा, पट्टी कुठली. मी म्हणालो, हे काय विचारणं झालं. काळी तीन, पेटीवरची तिसरी काळी पट्टी, इतकी उंच की भल्याभल्यांना जात नाही. पाटणच्या उरुसात काळी तीनला गायलो तेव्हा पलीकडच्या वाडीतली माणसं कंदील घेऊन आली होती.
लॅपटॉपवर तिने काळी तीन लावली. मी उचललं. दुसऱ्या ओळीवर आवाज फाटला. पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला. हवेत गारवा होता. शिवाय मेहरुनबीने मिरच्या तळायला घेतल्या होत्या.
मदिहा हळू म्हणाली, काळी एकला करूया का. मी म्हणालो, काळी एकला लोक अंगाई म्हणतात.

९ जानेवारी, गुरुवार.
हरिबाकडे भजन. हा मूळचा पाटणकडचा, फौजेतून निवृत्त, आता विश्रामबागेत मुलाकडे असतो. पेटी त्याची, गळा माझा, अशी आमची जोडी फार जुनी. मी नेहमीप्रमाणे विचारलं, बोट कुठाय. म्हणाला, व्हय, काळी तीनवरच हाय. म्हणा.
एकदाही फाटला नाही. अगदी तुपासारखा. म्हणजे गळा ठीक आहे. लॅपटॉप चढा बोलतो.
हरिबाला हे सांगितलं. तो बराच वेळ पेटीवरची धूळ पुसत बसला. म्हणाला, यंत्राचं काय खरं न्हाई, रसूलभाई.

११ जानेवारी.
मदिहाला घेऊन मिरजेला गेलो. सतारी-तानपुरे करणाऱ्यांच्या गल्लीत ओळखीचे एक वयस्क कारागीर आहेत. म्हणालो, या लॅपटॉपचा सूर तपासा. त्यांनी ऐकलं, स्वतःच्या सुराशी लावून बघितलं, म्हणाले, मशीन बरोबर आहे. मग माझ्याकडे बघून म्हणाले, मास्तर, आता वय काय तुमचं.
सुरासाठी गेलो होतो, वय विचारत बसले. तारेच्या वाद्यांची माणसं, त्यांना गळ्यातलं काय कळणार. परत येताना रिक्षात मदिहा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली, जसं काही तिलाच कुणी बोललंय.

१२ जानेवारी.
घशात खवखव. मोठा आजार असेल का. आरशात तोंड उघडून बघितलं, काही दिसलं नाही. हल्ली आरशातलं तसंही काही दिसत नाही.
पोस्टर आलं. मदिहाने माझं चित्र काढलंय, टोपी छान आली आहे. खाली 'समारोप: रसूल मास्तर' एवढंच. मी सांगितलं, 'काळी तीनवाले' घाल. ती म्हणाली, घालायलाच पाहिजे का. मी म्हणालो, लोक मला त्याच नावाने ओळखतात. मेहरुनबी आतून म्हणाली, कोण लोक.
घातलं.

१६ जानेवारी, गुरुवार.
मदिहा पहिल्यांदा भजनाला आली. मी मुद्दाम बोलावलं, म्हटलं बघ तुझा दादा कुठल्या पट्टीत गातो. मी गात असताना तिने फोन काढून पेटीजवळ धरला. फोनकडे बघितलं, मग हरिबाकडे. हरिबा छताकडे बघू लागला. मग पोरीने फोन पर्समध्ये ठेवला आणि टाळ्या धरल्या.
फोनची बॅटरी गेली असावी.
नंतर दोघं अंगणात काहीतरी बोलत होते. मी गेल्यावर गप्प. हरिबा म्हणाला, पोरगी लय गुणाची हाय, स्टेजवर माझीच पेटी पायजे म्हणतीया.

१८ जानेवारी.
मदिहाने लॅपटॉप दुरुस्त केला. आता अगदी हरिबाच्या पेटीबरोबर बोलतो. गाणं सहज निघालं. मी म्हणालो, बघ, मशीनमध्येच खोट होती. म्हणाली, हो दादा. दोन रात्री जागून दुरुस्त करावं लागलं म्हणे, सगळे तुकडे पुन्हा बसवावे लागले. डोळे सुजलेत तिचे. इतकी वाद्यं करण्यापेक्षा एकच धरावं असं मी तिला सांगणार आहे, पण कार्यक्रमानंतर.

२१ जानेवारी.
नवी अडचण. शब्द पाठ होत नाहीत आणि कागद दिसत नाही. दुसऱ्या कडव्यात 'रेघेच्या वर' ऐवजी 'वेशीच्या वर' म्हटलं. मोतीबिंदू पिकलाय हे डॉक्टर दोन वर्षं सांगताहेत. मी भितो असं मेहरुनबी म्हणते. भीत नाही, वेळ नव्हता.
ठरवलं. पोरीसाठी ऑपरेशन करून घ्यायचं.

२७ जानेवारी. मिरज.
झालं. चहा थंड होण्याआधी झालं म्हणे. मला फार वेळ वाटला. डॉक्टर म्हणाले, काही दिवस जोर लावायचा नाही, वजन उचलायचं नाही. गाण्याचं विचारलं तर म्हणाले, ओरडू नका. ओरडणं आणि काळी तीन यातला फरक त्यांना समजावून सांगणार होतो, तोवर पुढचा पेशंट आत आला.

८ फेब्रुवारी.
काळा चष्मा काढला. काय सांगावं. जग कुणीतरी धुऊन काढलंय. भिंतीवरची पुराची रेघ आधी वाटायची त्यापेक्षा उंच आहे. मेहरुनबीच्या तोंडावर इतक्या सुरकुत्या कधी आल्या. तसं बोललो, त्यामुळे दुपारी जेवण उशिरा मिळालं. मदिहाच्या जॅकेटवरचं भरतकाम नीट बघितलं. टाका अगदी माझा आहे, मागून गाठ दिसत नाही.
मोठं बरं वाटतंय. आता काही कमी राहिलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.
हरिबाकडे गेलो. तो चहा आणायला आत गेला होता. पेटी उघडी होती.
ती स्केल चेंजर पेटी आहे हे मला माहीत होतं. घेताना मीच म्हणालो होतो, भारदस्त दिसते, घे. खटका दाबला की पट्ट्यांची सगळी रांग एका बाजूला सरकते. मग बोट काळी तीनवर ठेवलं तरी आत सूर खालचा वाजतो.
रांग सरकलेली होती. उजव्या बाजूला चार बोटं जागा रिकामी. तिथे कडेने बरीच जुनी धूळ जमलेली, म्हणजे रांग सरकवल्याला वर्षं झाली असणार.
चहा प्यालो. भजन म्हणालो. एकदाही फाटला नाही.

१४ फेब्रुवारी.
रियाज नाही. तंबाखू दोनदा.

१५ फेब्रुवारी.
हरिबाला बोलावून विचारलं. वाद न घालण्याचा संकल्प मोडला. म्हणालो, गड्या, कधीपासून.
तो खाली बघत म्हणाला, आवं, एकदम कुठं. वर्साला एखादं घर खाली सरकवायचो. तुमी वर चढलात की मानंच्या शिरा टम्म व्हायच्या, मला पेटी वाजवायचं सोडून तुमच्याकडंच बघत बसावं लागायचं. मी म्हणालो, मला सांगायचं. तो म्हणाला, सांगून तुमी ऐकलं असतं व्हय. आन् मी खोटं कवा बोललो. बोट काळी तीनवरच हुतं.
मी म्हणालो, मदिहाला माहीत आहे. म्हणाला, पोरगीला पयल्या दिशीच कळलं. तिनं मला हात जोडलं, काका, दादांना न्हाई सांगायचं.
दोघांनी मिळून मला फसवलं. माझ्याच घरात, माझ्याच सुरात.
ठरलं. २३ तारखेला काळी तीन म्हणजे काळी तीन. पोस्टरवर छापलंय.

१९ फेब्रुवारी.
कुणाला काही सांगितलं नाही. दोन वेळ रियाज, गच्चीवर. खालच्या शेजारणीने विचारायला पाठवलं, तब्येत बरी आहे ना. आज दुसऱ्या ओळीपर्यंत गेलो. गच्चीवर वारा असतो, हॉलमध्ये नसतो. हॉलमध्ये होईल.

२२ फेब्रुवारी, शनिवार.
मदिहाला सर्दी. तरी ती पडद्यासाठी चित्रं रंगवत होती, हलगी शेकत होती, फोनवर पुण्याच्या माणसांना रस्ता सांगत होती. मला म्हणाली, दादा, तुमचं गाणं आलं की मला श्वास घ्यायला मिळतो, म्हणून ते शेवटी ठेवलंय. मी हं म्हणालो.
उद्या हरिबा चहाला गेला की खटका दाबायचा. पेटी जागेवर.

२३ फेब्रुवारी. दुपारी, हॉलवर जाण्याआधी.
पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला. काळी तीन. काळी तीन. काळी तीन.

२४ फेब्रुवारी, सोमवार.
काल रात्री लिहिता आलं नाही. झालं तसं लिहितो.
हरिबा चहाला गेला, मी खटका दाबला, रांग जागेवर आणली. मग साउंड टेस्ट. मदिहाने लॅपटॉप सुरू केला, हरिबाने पेटी उचलली, आणि दोन्ही इतके वाकडे भिडले की हॉल झाडणाऱ्या बाईने झाडू थांबवला. पुण्याची दोघं लवकर येऊन मागच्या खुर्च्यांवर बसली होती. हरिबाने पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे.
मदिहा जवळ आली आणि हळू म्हणाली, दादा, तुम्ही म्हणाल त्या पट्टीत सगळं नेते. चित्रं, हलगी, भोंगा, सगळं त्यावर बसवलंय, तरी नेते. फक्त आत्ता सांगा, दारं उघडायची आहेत.
मी म्हणालो, आधी गाऊन बघतो. गायलो. 'पाणी उतरलं' नीट गेलं. 'रेघ राहिली' वर फाटला. फाटला म्हणजे काहीच उरलं नाही, नुसती हवा आली. हॉलमध्ये वारा नव्हता. मिरच्याही नव्हत्या.
पुण्याच्या एकाने दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. पोरीने मान वळवली नाही, माझ्याकडेच बघत राहिली.
मी म्हणालो, होती तिथे घे. हरिबाने खटका दाबला. काळी एक. तिथेही टोकाला गळा कापत होता. भीतीने असेल. मग मीच म्हणालो, हरिबा, अजून एक घर खाली. तो म्हणाला, रसूलभाई, आणिक खाली नगं. मी म्हणालो, घे रं. एकच घर होतं, मदिहाने एक बोट फिरवलं, लॅपटॉप खाली आला. पांढरी एक. लग्नातल्या बायका बसून गातात ती पट्टी.
रात्री त्याच पट्टीत गायलो. हॉल भरलेला होता. कागद दिसत होता, एकही शब्द चुकला नाही. निवेदकाने मात्र पोस्टर बघूनच सांगितलं, आता येतायत काळी तीनवाले रसूल मास्तर. मी मान खाली घालून सुरुवात केली.
गाणं संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या.
पुण्याची दोघं मदिहाशी बोलत होती. ईदनंतर साताऱ्यापासून सुरुवात, असं ती हसत येऊन सांगून गेली. तुम्हालाही न्यायचं म्हणतायत दादा, खालचा आवाज फार आवडला त्यांना. 'खालचा' म्हणाले ते. दोनदा.
घरी आलो. मेहरुनबीने पाणी दिलं आणि समोर बसली. म्हणाली, आपल्या घराचं गाणं आहे होय ते. मी म्हणालो, दोन महिने घरात घोकतोय, आज कळलं का. म्हणाली, लग्न होऊन आले तेव्हापासून तुमचं गाणं ऐकतेय. शब्द आज पहिल्यांदा कळले.
मी विचारलं, मग इतकी वर्षं काय ऐकत होतीस.
रिकामा पेला उचलत म्हणाली, जोर.